फाळणीच्या आठवणी आणि कादंबऱ्या कशा वाचाव्यात: एक वही, एक नकाशा आणि तारखांचा कागद

फाळणीवरचं पुस्तक अर्ध्यावर सुटतं, त्याची कारणं बहुतेक वेळा दोनच असतात. पहिलं कारण गुंत्याचं. साठ-सत्तर पानांत तीस नावं, दहा गावं, चार मोहल्ले येऊन जातात आणि कोण कुठून निघालं, कुणाचं कोण लागतं याचा धागा हातातून निसटतो. दुसरं कारण अधिक गंभीर आहे. कत्तल, जाळपोळ, अपहरण यांची वर्णनं एकापाठोपाठ एक येतात, मन बधिर होतं आणि मग सगळी पुस्तकं सारखीच वाटू लागतात. या दोन्हींवर उपाय आहेत. त्यासाठी पहिलं पुस्तक उघडण्याआधी एक संध्याकाळ द्यावी लागते आणि वाचताना हाताशी एक वही ठेवावी लागते.

पुढची सगळी पद्धत एका गोष्टीवर उभी आहे. विस्थापनाच्या प्रत्येक कथनाला दोन तारखा असतात: घटना घडली ती आणि ती सांगितली गेली ती. यातली एकच तारीख धरून वाचलं तर पुस्तक निम्मंच कळतं.

आधी तारखांचा कागद

एक कोरा कागद घ्या आणि त्यावर तीन रकाने आखा. पहिल्यात तारीख, दुसऱ्यात घटना आणि तिसऱ्यात ‘त्या दिवशी सामान्य माणसाला काय माहीत होतं’. तिसरा रकाना टाळू नका, खरं काम तोच करतो.

भरायच्या नोंदी अशा: १६ ऑगस्ट १९४६, कलकत्त्याची दंगल. ऑक्टोबर १९४६, नोआखाली आणि त्यापाठोपाठ बिहार. मार्च १९४७, रावळपिंडी जिल्ह्यातल्या खेड्यांवरचे हल्ले. ३ जून १९४७, फाळणीच्या योजनेची घोषणा. ८ जुलै, सीमा आखण्यासाठी रॅडक्लिफ दिल्लीत दाखल. १४ आणि १५ ऑगस्ट, दोन देशांचा जन्म. १७ ऑगस्ट, सीमारेषा जाहीर. ऑगस्ट ते नोव्हेंबर, पंजाबातलं प्रचंड स्थलांतर आणि मधेच सप्टेंबरअखेरचे पूर. ६ डिसेंबर १९४७, पळवलेल्या स्त्रियांच्या शोधाबद्दल दोन देशांतला करार. ६ जानेवारी १९४८, कराचीतली दंगल. जुलै १९४८, पश्चिम पाकिस्तानातून येण्यासाठी परमिटची पद्धत. ८ एप्रिल १९५०, अल्पसंख्याकांच्या संरक्षणासाठीचा नेहरू-लियाकत करार. ऑक्टोबर १९५२, दोन देशांतल्या प्रवासाला पासपोर्ट.

आता तिसरा रकाना. १५ ऑगस्टच्या ओळीसमोर लिहा: ‘सीमा कुठून जाणार हे अधिकृतपणे कुणालाच ठाऊक नाही.’ रेषा दोन दिवसांनी जाहीर झाली. बंगालात मुर्शिदाबादला त्या दिवशी पाकिस्तानचा झेंडा लागला आणि खुलन्याला भारताचा; १७ तारखेनंतर दोन्ही उतरवावे लागले. पंजाबात गुरदासपूर जिल्हा सुरुवातीच्या तात्पुरत्या विभागणीत पाकिस्तानकडे धरला होता. शेवटी त्यातल्या तीन तहसिली भारतात आल्या आणि शकरगढ तेवढी पाकिस्तानात गेली.

हे लिहून ठेवलं की वाचकांच्या मनात हमखास येणारा प्रश्न, ‘ही माणसं वेळेवर निघाली का नाहीत?’, आपोआप सुटतो. पुढे काय होणार हे आपल्याला माहीत असतं, त्यांना नव्हतं. राज्यं बदलतात, रयत जागेवर राहते, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. म्हणून लोक घराला कुलूप लावून किल्ली शेजाऱ्याकडे देतात, महिन्याभरात परतू म्हणून हिवाळ्याच्या रजया मागे ठेवतात, गाभण म्हैस गड्याच्या हवाली करतात. पात्र असं काही करताना दिसलं की तारखांच्या कागदाकडे बघा आणि त्या दिवशी त्याला कितपत कल्पना होती ते तपासा. जो निर्णय मूर्खपणाचा वाटत होता, तो बहुतेक वेळा त्या दिवसापुरता शहाणपणाचा निघतो.

नकाशा: एक नव्हे, तीन

सर्वांत जास्त गैरसमज इथे होतात. फाळणी म्हटलं की डोळ्यांसमोर पंजाब, ऑगस्ट १९४७ आणि प्रेतांनी भरलेली आगगाडी उभी राहते आणि हीच पट्टी लावून सिंध आणि बंगालही वाचले जातात. मग सिंधी आठवणी ‘मिळमिळीत’ वाटतात आणि बंगाली कादंबऱ्या ‘लांबलेल्या’. तिन्ही प्रांतांचे कागद वेगळे करा.

पंजाबच्या कागदावर आधी नद्या काढा: झेलम, चिनाब, रावी, बियास, सतलज. मग शहरं: रावळपिंडी, गुजरात, गुजरांवाला, शेखूपुरा, लायलपूर, माँटगोमेरी, मुलतान, लाहोर, अमृतसर, फिरोझपूर, जालंधर, लुधियाना, कुरुक्षेत्र, दिल्ली. यातलं गुजरात हे पश्चिम पंजाबातलं शहर आहे. कृष्णा सोबतींचं लेखन वाचताना हे माहीत नसेल तर पहिल्याच पानावर घोळ होतो. लायलपूर आज फैसलाबाद आहे आणि माँटगोमेरी साहिवाल, तेव्हा ऑनलाइन नकाशात शोधताना नवी नावं टाका. रावीवरचं बल्लोकी आणि सतलजवरचं सुलेमानकी ही दोन हेडवर्क्स ठळक करा. लायलपूर-माँटगोमेरीकडून पायी निघालेले काफिले नदी ओलांडायला या बंधाऱ्यांवर येत आणि तिथेच खोळंबत. एकेका काफिल्यात हजारो माणसं, कधी लाखाच्या वर, सोबत बैलगाड्या, गुरं, म्हातारी माणसं. लायलपूरपासून सरहद्द दीडशेच्या आसपास किलोमीटर. हे अंतर बैलाच्या चालीनं, वर सप्टेंबरच्या पुरात कापायचं म्हणजे काय, हे नकाशा समोर असल्याशिवाय उमगत नाही.

रेल्वेमार्ग वेगळ्या रंगात काढा. लाहोर ते अमृतसर जेमतेम पन्नास किलोमीटर. एखाद्या आठवणीत हा प्रवास तीन दिवस चालला असेल, तर गाडी कुठे आणि का थांबली हा प्रश्न वहीत लिहा. पुढच्या पानांत बहुतेक वेळा त्याचं उत्तर मिळतं आणि नाही मिळालं तर तीही नोंद घेण्यासारखी असते.

सिंधची गोष्ट निराळी. सिंध प्रांताची फाळणी झालीच नाही. तो अखंड पाकिस्तानात गेला. १९४७च्या उत्तरार्धात तिथे पंजाबच्या तोडीची कत्तल झाली नाही. पण मुहाजिरांचे (भारतातून आलेल्या मुस्लिम निर्वासितांचे) लोंढे, घरांवरचा ताबा, हळूहळू वाढणारी भीती आणि मग जानेवारी १९४८ची कराची, असा तो क्रम आहे. लोक बोटीनं कराचीहून मुंबईला आणि काठेवाडच्या बंदरांना आले, काही जोधपूरच्या वाटेनं गाडीनं. म्हणून सिंधी आठवणींत रक्तापेक्षा सामान जास्त असतं: काय बांधलं, काय विकलं, कस्टमच्या तपासणीत काय काढून घेतलं. याद्या म्हणून ही पानं उलटून टाकू नका. आपली भाषा बोलणारा जमिनीचा तुकडाच ज्यांच्या वाट्याला आला नाही, अशा समाजाचं ते लेखन आहे. सिंधी भाषेला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत जागा मिळायला १९६७ साल उजाडलं.

मराठी वाचकाला या नकाशाचं दुसरं टोक घराजवळ सापडतं. सिंध १९३६पर्यंत मुंबई इलाख्यातच होता, कराचीत मराठी वस्ती होती. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत निर्वासितांना ठेवलं आणि ऑगस्ट १९४९मध्ये तिथे उल्हासनगर उभं राहिलं. तिथले पत्ते आजही कॅम्प नंबरनं सांगितले जातात. पिंपरी आणि चेंबूरच्या वसाहती तशाच. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला तर १९४३ ते १९४८ या काळात दुसऱ्या महायुद्धात देशोधडीला लागलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. ते गेल्यावर त्याच छावणीत सिंधी कुटुंबं आली आणि आजचं गांधीनगर घडलं. पोलिश आठवणी आणि सिंधी आठवणी समोरासमोर ठेवून वाचण्याची संधी त्या एका जागेनं दिली आहे आणि कोल्हापूरकडच्या वाचनमंडळांनी ती जरूर घ्यावी.

बंगालच्या कागदावर नकाशापेक्षा कालरेषा उपयोगी पडते. तिथलं विस्थापन एका उन्हाळ्यात संपलं नाही. १९४६, १९५०, १९६४, १९७१ अशा लाटा येत राहिल्या. आधी आले ते बहुतेक शिकलेले, जमीनजुमला आणि नातेवाईक असलेले. नंतर आले ते नामशूद्र (बंगालमधली एक दलित जात) आणि इतर कष्टकरी. त्यांना सियालदह स्टेशनचा फलाट, मग छावणी, मग थेट मध्य भारतातलं दंडकारण्य. १९७९चं मरीचझांपी, म्हणजे दंडकारण्यातून परतलेल्या निर्वासितांना सुंदरबनातल्या ज्या बेटावरून बळानं हुसकावलं ते, याच साखळीतलं. म्हणून बंगाली पुस्तक हातात घेताना पहिल्या पानावर तीन गोष्टी टिपा: कुटुंबाची जात, येण्याचं साल, कलकत्त्यात आधीपासून कुणी होतं का. दलित निर्वासित लेखक मनोरंजन ब्यापारींचं आत्मचरित्र आणि एखाद्या भद्रलोकी (उच्चवर्णीय, सुशिक्षित) घराची कादंबरी या दोन्हींत ‘निर्वासित’ हा एकच शब्द येतो, पण त्यामागची आयुष्यं दोन टोकांची असतात.

वहीचं पहिलं पान: दोन तारखा

प्रत्येक पुस्तकाच्या सुरुवातीला वहीत पाच ओळी लिहा. घटनेचं साल. लेखकाचं तेव्हाचं वय. लिहिल्याचं किंवा सांगितल्याचं साल. छापल्याचं साल. मूळ भाषा आणि आपण वाचतो आहोत ती भाषा.

यातून काय हाती लागतं ते पाहा. उर्दू कथाकार मंटोच्या ‘सियाह हाशिए’मधले दोन-चार ओळींचे तुकडे १९४८चे आहेत, जखम ओली असतानाचे. त्यांत स्पष्टीकरण नाही, शोक नाही, धर्मांची नावंही बऱ्याचदा नाहीत. अनीस किदवईंचं ‘आज़ादी की छाँव में’ १९४९च्या सुमाराला लिहिलं गेलं आणि छापलं गेलं १९७४ साली. त्यांच्या पतीची मसुरीत हत्या झाली होती आणि त्यानंतर त्या दिल्लीच्या पुराना किला आणि हुमायूनच्या मकबऱ्याजवळच्या छावण्यांत काम करत होत्या. लिहिणं आणि छापणं यांत पाव शतकाचं अंतर का पडलं, हा प्रश्न मनात ठेवून ते पुस्तक वाचा.

भीष्म साहनींची ‘तमस’ १९४७च्या रावळपिंडीवर उभी आहे, पण ती लिहिली गेली १९७०च्या भिवंडी दंगलीनंतर. साहनींनी भिवंडीतली जळालेली घरं पाहिली आणि त्यांना रावळपिंडी आठवली, असं त्यांनीच लिहून ठेवलं आहे. उर्वशी बुटालियांच्या १९९८च्या मुलाखतींच्या पुस्तकामागे (‘द अदर साइड ऑफ सायलेन्स’) १९८४ची दिल्लीतली शीखविरोधी हिंसा आहे. इंतिज़ार हुसैन यांच्या ‘बस्ती’त १९७१चं युद्ध आणि सत्तेचाळीसचं स्थलांतर एकमेकांत मिसळून येतात. या पुस्तकांत एक काळ दुसऱ्या काळातून बघितलेला आहे. ‘तमस’ वाचताना भिवंडी लक्षात असेल, तर दंगल कशी ‘घडवली’ जाते यावर कादंबरी इतका भर का देते ते कळतं. सुरुवातीलाच नत्थू एक डुक्कर मारतो आणि ते कुणासाठी आणि कशासाठी मारलं हे त्याला स्वतःला ठाऊक नसतं.

समासातल्या तीन खुणा

आठवणी वाचताना पेन्सिलनं समासात तीनच खुणा करा. ‘पा’ म्हणजे सांगणाऱ्यानं स्वतः पाहिलेलं, ‘ऐ’ म्हणजे तेव्हाच दुसऱ्याकडून ऐकलेलं, ‘न’ म्हणजे नंतर कळलेलं किंवा वाचलेलं.

नमुन्यादाखल एक काल्पनिक उतारा घेऊ. सांगणारी बाई तेव्हा सात वर्षांची होती असं धरा (बीजी म्हणजे आई, बाऊजी म्हणजे वडील): ‘बीजीनं पिठाचा डबा चुलीपाशी उघडाच टाकला. स्टेशनावर कुणी तरी म्हणालं, आधीच्या गाडीतला एकही जण वाचला नाही. तेव्हा सरकारनं लष्कर उशिरा पाठवलं म्हणून हे झालं. बाऊजी रडले नाहीत.’ पहिल्या वाक्याला ‘पा’. दुसऱ्याला ‘ऐ’. तिसऱ्याला ‘न’, कारण सात वर्षांची मुलगी लष्कराच्या हालचालींचा विचार करत नाही. ते वाक्य मोठेपणी कुठून तरी येऊन बसलं आहे. चौथ्याला पुन्हा ‘पा’, शेजारी एक प्रश्नचिन्ह: बाऊजी रडले नाहीत, की तिच्यासमोर रडले नाहीत?

‘न’ची खूण म्हणजे खोटेपणाचा शिक्का नव्हे. माणूस पन्नास वर्षं एक आठवण बाळगतो तेव्हा तिच्यावर वर्तमानपत्रं, भाषणं, सिनेमे, नातेवाइकांच्या गप्पा यांचे थर चढणारच. आपण फक्त थर ओळखायचे. एक ठोकताळा मदतीला येतो: उघडा पिठाचा डबा, चपलेचा तुटलेला अंगठा, डाळीची जळकी चव असा बारीक आणि बिनकामाचा तपशील बहुतेक ‘पा’ असतो. कारणमीमांसा आणि मोठे आकडे बहुतेक ‘न’ असतात.

आकड्यांबाबत इथेच सावध करणं भाग आहे. फाळणीतल्या मृतांचे अंदाज दोन लाखांपासून वीस लाखांपर्यंत पसरलेले आहेत आणि घर सोडलेल्यांचे सव्वा ते दीड कोटींच्या आसपास. देशपातळीवरच इतकी तफावत असताना एखाद्या आठवणीतला ‘आमच्या गावात पाच हजार मेले’ हा आकडा मोजणी म्हणून उचलू नये. भीती केवढी होती याचं माप म्हणून तो वाचावा. प्रेतांच्या गाडीचंही तसंच. अशा गाड्या आल्या, हे खरं. पण अनेक कथनांत ती गाडी जवळजवळ त्याच शब्दांत येते. अशा वेळी तीन गोष्टी शोधा: गाडी कुठून कुठे चालली होती, कोणत्या दिवशी, आणि सांगणारा फलाटावर हजर होता का. तिन्ही सापडल्या नाहीत तर ‘ऐ’ लिहून पुढे चला.

मालमत्तेच्या आकड्यांना आणखी एक पदर आहे. भारतात आल्यावर निर्वासितांना सोडून आलेल्या जमिनीचे आणि घरांचे ‘क्लेम’ दाखल करावे लागले. पंजाबात जमीन वाटताना ‘स्टँडर्ड एकर’ (जमिनीच्या उत्पादकतेवर ठरवलेलं माप) धरून चढत्या दरानं कपात झाली: लहान शेतकऱ्याची पाव, तर सर्वांत मोठ्या जमीनदाराची ९५ टक्क्यांपर्यंत. क्लेम फुगवून सांगितले जात आणि सरकारी तपासणीत छाटले जात. ‘आमचे चार मुरब्बे होते’ हे वाक्य कुटुंबात वर्षानुवर्षं सांगितलं जातं, तेव्हा त्यात अभिमान असतो, दुःख असतं आणि त्या क्लेमच्या फॉर्मची सावलीही असते. कालव्याच्या वसाहतींत एक मुरब्बा म्हणजे साधारण २५ एकर, हेही वहीत टिपून ठेवा.

घराचा तक्ता आणि बायका दिसेनाशा होतात ती पानं

यशपालांच्या ‘झूठा सच’चे दोन खंड (१९५८ आणि १९६०) मिळून हजारावर पानांचे आहेत. लाहोरच्या भोला पांधे गल्लीतली अख्खी वस्ती त्यात आहे. तक्त्याशिवाय ही कादंबरी झेपत नाही. वहीची दोन समोरासमोरची पानं घ्या आणि चार रकाने करा: नाव आणि नातं, धर्म-जात-धंदा, मूळचं घर, शेवटी कुठे. चौथा रकाना रिकामा ठेवून वाचायला सुरुवात करा आणि जसजसं कळेल तसतसा भरा. पन्नास-साठ पानांनंतर नवी मुख्य पात्रं येणं कमी होतं, तोपर्यंत चिकाटी धरा.

आता त्यात पाचवा रकाना घाला, फक्त स्त्रियांसाठी: ‘शेवटची दिसली ते पान’. विस्थापनाच्या लेखनात पुरुष बहुधा मरतात किंवा पोचतात. बायका मात्र अनेकदा कथनातून नाहीशा होतात. मावशी ‘वाटेत गेली’, धाकटी ‘राहिली’, वहिनीचं नाव पुढे येतच नाही. हा रकाना भरत गेलात की कुटुंबानं कशाबद्दल बोलायचं नाही असं ठरवलं होतं ते समोर येतं.

त्यामागचा कायदा माहीत असावा. डिसेंबर १९४७च्या करारानंतर दोन्ही देशांनी पळवलेल्या स्त्रियांचा शोध सुरू केला आणि १९४९ साली भारतात त्यासाठी कायदा झाला. सरकारी अंदाज भारतात राहिलेल्या सुमारे ५०,००० मुस्लिम आणि पाकिस्तानात राहिलेल्या ३३,००० हिंदू-शीख स्त्रियांचा होता. १ मार्च १९४७ ही तारीख रेघ म्हणून धरली गेली; त्यानंतर दुसऱ्या धर्माच्या घरात गेलेली स्त्री पळवलेलीच मानायची, तिचं स्वतःचं म्हणणं काहीही असो. हे कळल्यावर अमृता प्रीतमांच्या ‘पिंजर’मधली पुरो वेगळी दिसू लागते, कारण तिचं अपहरण फाळणीच्या कितीतरी आधीचं, दोन घराण्यांच्या जुन्या वैरातलं आहे. ज्योतिर्मयी देवींच्या ‘एपार गंगा ओपार गंगा’मधल्या सुताराला तर नोआखालीच्या दंगलीनंतर शेजारच्या मुस्लिम घरानं आसरा दिला, एवढ्याच कारणानं तिचे स्वतःचे नातेवाईक तिला दूर ठेवतात. तिथे प्रश्न हल्लेखोरांपाशी संपत नाही, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन उभा राहतो.

एक घटना, दोन पुस्तकं

संपूर्ण पद्धतीतला हा सर्वांत मोलाचा भाग आहे. घाई करू नका, त्याला आठवडा द्या.

मार्च १९४७मध्ये रावळपिंडी जिल्ह्यातल्या थोहा खालसा गावात हल्ला झाला तेव्हा सुमारे नव्वद शीख स्त्रियांनी विहिरीत उड्या घेतल्या. ‘तमस’मध्ये असं एक दृश्य आहे. बुटालियांच्या पुस्तकात त्या प्रसंगातून वाचलेल्यांच्या मुलाखती आहेत. त्यांत एक अशी बाई आहे जी उडी मारूनही वाचली, कारण विहीर तोवर भरून गेली होती.

आधी कादंबरीतलं दृश्य वाचा आणि वहीत चार प्रश्नांची उत्तरं लिहा. आपण कुठे उभे राहून पाहतो आहोत? कोण बोलतं? निर्णय कोण घेतं? बायकांपैकी किती जणींना नाव आहे? दोन दिवस मधे जाऊ द्या. मग मुलाखती वाचा आणि तेच चार प्रश्न पुन्हा विचारा.

कादंबरी दृश्याची उंची, त्यातली लय आणि भारावलेपण दाखवते. ते का घडू शकलं हे तुमच्या अंगावर काटा आणून समजावते. मुलाखतींत वाक्यं तुटक आहेत, क्रम मागे-पुढे होतो. पुरुष ‘शहीद’ हा शब्द वापरतात. काहींनी आपल्या घरातल्या बायका-मुलींना स्वतः मारलं हेही पुढे येतं आणि ते सांगताना आवाज अभिमानाचा असतो. मरणाऱ्या बायकांना काय हवं होतं हे मात्र सांगायला कुणी उरलेलं नाही. जिवंत राहिलेली बाई जे सांगते आणि जिथे थांबते, त्या जागा समासात रिकाम्या चौकटीनं दाखवा. अशा चौकटी आपल्या कल्पनेनं भरायच्या नाहीत.

इथे एक चूक नेहमी होते: कादंबरी ‘खोटी’ आणि मुलाखत ‘खरी’ असा निवाडा करणं. कादंबरीकडे पुरावा मागू नये. खुशवंत सिंगांच्या ‘ट्रेन टू पाकिस्तान’मधलं मनो माजरा हे गाव नकाशावर नाही आणि ते शोधण्यात वेळ घालवू नये. एखादं गाव महिनाभर शांत राहतं आणि मग का पेटतं, याची यंत्रणा कादंबरी उघडून दाखवते. मुलाखत देणारा माणूस त्या यंत्रणेत सापडलेला होता, त्याला ती बाहेरून दिसणं शक्यच नव्हतं.

क्रम आणि वेग

‘झूठा सच’नं सुरुवात करू नका, आणि लागोपाठ चार कादंबऱ्याही नकोत. सहा महिन्यांचा एक क्रम असा: पहिल्या पंधरवड्यात मंटोच्या कथा, त्यातही ‘टोबा टेक सिंह’ आणि ‘खोल दो’, जोडीला ‘सियाह हाशिए’. मग महिनाभर अनीस किदवई. मग ‘तमस’ आणि बुटालिया, वर सांगितल्याप्रमाणे जोडीनं. त्यानंतर सिंध किंवा बंगाल. सिंधसाठी नंदिता भवनानींचा अभ्यास चांगला पाया घालतो. मग ‘झूठा सच’, पहिल्या आणि दुसऱ्या खंडात पंधरा दिवसांचा खंड ठेवून. शेवटी राही मासूम रज़ांचं ‘आधा गाँव’ (१९६६). त्यात गाझीपूर जिल्ह्यातल्या गंगौलीतली माणसं आहेत, जी कुठेही गेली नाहीत तरी त्यांचं गाव पायाखालून सरकलं. आधी हे पुस्तक वाचलं तर संथ वाटतं. जाणाऱ्यांची पुस्तकं वाचून झाल्यावर ते हाती घ्या, म्हणजे राहणाऱ्यांची किंमत कळेल.

कादंबरी दिवसाला वीस-पंचवीस पानं, आठवणी दहा-पंधरा. छावणी, दंगल, अपहरण असलेलं प्रकरण रात्री झोपण्यापूर्वी वाचू नका आणि मधेच सोडूही नका. प्रकरणाच्या शेवटी थांबा, दोन ओळी लिहा, पुस्तक मिटा. मन बधिर होऊ लागल्याची खूण सोपी आहे: मृत्यूचं वाक्य वाचून आपण लगेच पुढच्या ओळीवर जातो. तसं झालं की हिंसेची प्रकरणं आठवडाभर बाजूला ठेवा आणि त्याच पुस्तकातली नंतरची पानं वाचा: रेशनची रांग, तंबूतली शाळा, पहिलं दुकान, परक्या गावातलं पहिलं लग्न. वाचक ही पानं ‘कथा संपल्यावरची’ म्हणून चाळतात. विस्थापन म्हणजे काय हे खरं तर तिथेच कळतं.

भाषेबद्दल थोडं. यशपाल, साहनी, राही, सोबती थेट हिंदीतून वाचा. देवनागरी आपलीच आहे आणि पहिली तीस पानं अडखळत गेली तरी पुढे वेग येतो. ‘आधा गाँव’मधली भोजपुरी उर्दू मोठ्यानं वाचली की जास्त कळते. मंटोच्या कथा नागरी लिपीतही मिळतात, त्यात तळटीपांत उर्दू शब्दांचे अर्थ असलेली आवृत्ती निवडा. पंजाबी आणि बंगालीसाठी मराठी किंवा हिंदी अनुवाद घेताना तो मूळ भाषेतून झाला आहे की इंग्रजीवरून, हे आतल्या पानावर तपासा. इंग्रजीवरून आलेल्या अनुवादात नात्यांचे शब्द हमखास सपाट होतात. चाचा, ताया (वडिलांचा मोठा भाऊ), मामा, फुफ्फड (आत्याचा नवरा) सगळे ‘काका’ झाले की घराचा तक्ता कोलमडतो. असा अनुवाद वाचायचाच असेल तर तक्त्यात नात्यापुढे ‘आईकडून’ की ‘वडिलांकडून’ एवढं तरी लिहा.

गटानं वाचणार असाल तर पाच-सहा जण पुरेत. सगळ्यांनी एकच पुस्तक वाचण्यापेक्षा दोघांनी पंजाब, दोघांनी सिंध, दोघांनी बंगाल घ्यावं आणि भेटताना फक्त तारखांचा कागद मधे ठेवावा. एकाच महिन्यात तीन प्रांतांत काय चाललं होतं हे एकमेकांना सांगत गेलं की चर्चा आपोआप नीट चालते. गटात कुणाच्या घरी हा इतिहास घडलेला असेल, तर त्या व्यक्तीला साक्षीदार म्हणून उभं करू नका. तिनं स्वतःहून सांगितलं तर ऐका, पेन्सिल खाली ठेवून. अमृतसरला जाणं झालं तर टाउन हॉलमधल्या फाळणी संग्रहालयासाठी अर्धा दिवस काढा आणि जाण्याआधी आपला घराचा तक्ता पुन्हा चाळून घ्या. तिथल्या पेट्या, भांडी, ओळखपत्रं आणि पत्रं पाहताना चौथ्या आणि पाचव्या रकान्यातली नावं मनात असली पाहिजेत.